चिप, तवा आणि १८३ अंश

सीपी २१०२ या चिपला पाय नाहीत. पाच मिलिमीटर लांब आणि तेवढाच रुंद असा काळा चौकोन. प्रत्येक बाजूला सात, म्हणजे एकूण २८ जोड, पण सगळे पोटाखाली. मधोमध धातूचा एक मोठा चौकोन आहे, तो तर पूर्ण झाकलेलाच. सोल्डरिंग आयर्नचं टोक कितीही बारीक घ्या, तिथे पोचत नाही. कारखान्यात हे काम रीफ्लो ओव्हन करतो. आमच्या कोथरूडच्या घरात तसला ओव्हन येणं शक्य नव्हतं, म्हणून तवा आला.

करायचं होतं ते तसं साधंच. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलंय ते खाली वॉचमनच्या खोलीत दिसावं, एवढंच. चार दिवे, एक मायक्रोकंट्रोलर, आणि कॉम्प्युटरवरून प्रोग्रॅम भरता यावा म्हणून ही बिनपायांची चिप. तपकीर गल्लीत पायवाले सुटे भाग अजून मिळतात, पण मागितले की दुकानदार आपल्याकडे जरा कीव केल्यासारखं बघतो. या चिपची तर पायवाली जातच निघालेली नाही.

तव्याची निवड वाटते तितकी सोपी नाही. पोळीचा तवा खोलगट असतो. त्यावर सपाट सर्किट बोर्ड ठेवला की तो चार कोपऱ्यांवर टेकतो आणि मध्ये हवा राहते. बिडाचा तवा तापायला वेळ लावतो आणि निवायला त्याहून जास्त. नॉनस्टिक नकोच, कारण तो लेप २६० अंशांच्या पुढे बिघडू लागतो आणि त्याचा धूर घातक असतो. हाताशी तापमापक नसेल तर तिथवर जायला फार वेळ लागत नाही. मी जुन्या बाजारातून जाड ॲल्युमिनियमचा डोशाचा तवा आणला. घेताना त्यावर स्टीलची पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का ते बघत होतो, तर विक्रेत्याने विचारलं, “साहेब, डोसे करणार की सुतारकाम?” त्याखाली कॉइलची शेगडी. गॅसची ज्योत नको, कारण बोर्ड पुसायला लागणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल आसपास असतंच. इंडक्शनही टाळला, नुसतं ॲल्युमिनियम त्यावर तापतच नाही.

सोल्डर पेस्ट म्हणजे राखाडी, चिकट मलम. त्यात २० ते ३८ मायक्रॉनचे धातूचे गोल कण आणि फ्लक्स असतं. वजनाने पाहिलं तर जवळपास ९० टक्के धातू, पण जागा निम्मीच व्यापतो, त्यामुळे वितळल्यावर ढीग एकदम खाली बसतो. माझी पेस्ट ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाची. हे प्रमाण मुद्दाम निवडलेलं असतं. ६०-४०ची मिश्रधातू १८३ अंशांना मऊ व्हायला लागते आणि १९०पर्यंत धड घट्ट नाही, धड पातळ नाही, अशी राहते. ६३-३७ मात्र १८३ला एकदम वितळते आणि तिथेच एकदम गोठते. घरच्या कामाला हा नेमकेपणा फार उपयोगी.

ही पेस्ट थंड जागी ठेवायची असते. फ्रिजचा विषय काढल्याबरोबर आई म्हणाली, “त्यात शिसं आहे ना रे? मग लोणच्याशेजारी नाही ठेवायची.” वाद घालण्यासारखं काही नव्हतं. तेव्हापासून मी छोटी सिरिंज घेतो आणि लवकर संपवतो.

पेस्ट लावायला स्टीलचं स्टेन्सिल मिळतं, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं जाड. ते बोर्डावर घट्ट बसवायचं आणि एटीएमच्या बाद कार्डाने पेस्ट एका दमात ओढायची. दोनदा ओढली की ती खालून पसरते. मग भाग ठेवायचे. ०६०३ आकाराचा रेझिस्टर १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद असतो. चिमट्यातून उडाला तर फरशीवर शोधण्यात अर्थ नाही, दुसरा घ्यावा. पंखा बंद, श्वास बेताचा, आणि मोबाईलचा कॅमेरा भिंगासारखा वर धरलेला.

गॅलरीत शेगडी मांडली तेव्हा मी थर्मोकपलची तार बोर्डाशेजारी चिकटवून मल्टिमीटरकडे बघत होतो. आई दारात उभी. रेग्युलेटर पुढे फिरवायला लागलो तशी म्हणाली, “थालीपीठ काय मोठ्या आचेवर लावतात? वरून करपेल, आत कच्चं राहील.” रीफ्लोची सगळी पुस्तकी शिस्त या एका वाक्यात आहे. आधी सावकाश १५० अंशांपर्यंत यायचं. मग मिनिट-दीड मिनिट त्याच्या आसपास रेंगाळायचं, म्हणजे मोठा कनेक्टर आणि इवलासा कपॅसिटर दोघेही सारखे तापतात आणि फ्लक्स धातूवरचा गंज खाऊन टाकतं. त्यानंतरच २१०पर्यंत चढायचं, तेही अर्ध्या-पाऊण मिनिटासाठी. घाई केली तर सिरॅमिक कपॅसिटरला आतून तडा जातो. तो बाहेरून दिसत नाही आणि महिन्याभराने बोर्ड अकारण बंद पडतो.

१५०च्या आसपास फ्लक्समधल्या राळेचा धूर निघायला लागतो. पेस्ट ओलसर, मग कोरडी, मग पुन्हा ओलसर दिसते. आणि १८३ला, तवा जिथे जास्त तापलाय त्या बाजूने, राखाडी ढिगारे एकामागून एक चकाकत जातात. दोन-तीन सेकंदांचा खेळ. वितळलेल्या धातूच्या पृष्ठताणाने तिरकी बसलेली चिप स्वतःच फिरून सरळ होते. त्या क्षणी चिमट्याच्या टोकाने तिला केसभर ढकलावं. सोडल्यावर ती परत जागेवर आली तर पोटाखालचा चौकोनही नीट चिकटला असं समजावं. रुतून राहिली तर कुठेतरी धातू वितळलेला नाही. इतकी सोपी आणि इतकी खात्रीची परीक्षा मला दुसरी माहीत नाही.

हाच पृष्ठताण उलटाही वागतो. छोट्या भागाचं एक टोक आधी वितळलं तर ते दुसऱ्याला उचलतं आणि रेझिस्टर थडग्याच्या दगडासारखा उभा राहतो. इंग्रजी बोलणारे कारागीरही याला थडगंच म्हणतात. उपाय एकच, बोर्ड तव्यावर सगळीकडे सारखा टेकलेला हवा. काहीजण त्यासाठी तव्यावर बारीक चाळलेल्या वाळूचा थर देतात. बोर्ड थोडा वाकडा असेल तर वाळू चांगली, पण कण चिकटतात आणि मला ते पुसत बसायला आवडत नाही.

सगळं चकाकलं की शेगडी बंद करायची आणि गोठेपर्यंत हात लावायचा नाही. मग रुंद उलथन्याने बोर्ड लाकडी पाटावर सरकवायचा, ओल्या फडक्यावर कधीच नाही.

तव्याला मर्यादा आहेत. दोन्ही बाजूंना भाग असलेला बोर्ड त्यावर होत नाही, त्याला हॉट एअर गन लागते. ओटीजी वापरणारे बरेच आहेत. पण घरचा ओटीजी फार सावकाश तापतो आणि त्याचा थर्मोस्टॅट वर-खाली हेलकावे खातो, त्यामुळे वेगळा कंट्रोलर बसवावा लागतो. त्यापेक्षा उघडा तवा मला बरा वाटतो, धातू वितळताना डोळ्यांसमोर असतो. शिसं नकोच असेल तर कथील, चांदी आणि तांब्याची पेस्ट मिळते. युरोपने जुलै २००६पासून बहुतेक उपकरणांत शिशाला बंदी केली, तेव्हापासून ती सर्रास झाली. पण ती २१७च्या पुढे वितळते, म्हणजे तवा २४०पर्यंत न्यावा लागतो. कथील आणि बिस्मथची १३८लाच वितळते, फक्त सांधा ठिसूळ होतो, आणि तिच्यात शिसं मिसळलं तर काही भाग ९६ अंशांनाच पातळ होतो. उन्हात तापणाऱ्या टाकीजवळच्या बोर्डाला मी तो धोका पत्करला नाही.

शिशाच्या वाफेला लोक घाबरतात, पण शिसं उकळतं १७४९ अंशांना. तव्यावर त्याची वाफ होण्याचा प्रश्नच नाही. धूर राळेचा असतो, तोही दमेकऱ्यांना बाधतो, म्हणून गॅलरी. शिसं पोटात जातं ते बोटांवरून. काम झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपालाही शिवू नये.

तुम्ही हे करणार असाल तर तवा, उलथनं आणि पाट वेगळेच घ्या, आणि एकदा पेस्ट लागली की त्यांना पुन्हा ओट्यावर आणू नका. तव्याच्या दांड्यावर खिळ्याने ‘शिसं’ असं कोरून ठेवा. आणि घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना तो तवा कोणता ते आधी दाखवून ठेवा.