वडिलांचा पाइप

गेल्या उन्हाळ्यात गावच्या घरी भिंतींना रंग देण्याचे काम निघाले, आणि त्या निमित्ताने आईची लोखंडी ट्रंक माजघरातून बाहेर काढावी लागली. चार दिवसांची सवड काढून आम्हीही घरी गेलो होतो. ट्रंकेच्या तळाशी, आईच्या लग्नातील साडीखाली, एका जीर्ण पंच्यात गुंडाळलेला आमच्या वडिलांचा तंबाखू ओढण्याचा पाइप निघाला. पंचा सोडताच आंबट, कडवट असा दर्प खोलीभर पसरला. आईने पदर नाकाशी धरला.

"ह्याचं काय करायचं ते तूच सांग," ती म्हणाली. "टाकवत नाही, अन् वासही सोसवत नाही. इतकी वर्षं तसाच ठेवलाय बघ."

वास का सोसवत नाही, हे आम्हांस विचारावे लागले नाही. बाबा २००३ साली फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले. आम्ही तेव्हा सेमिनरीत शिकत होतो. त्यांची अखेरची शुश्रूषा आईने एकटीने केली. तंबाखूच्या धुराचा ह्या रोगाशी काय संबंध आहे, हे आज शाळेतील मुलासही ठाऊक आहे. तेव्हा ह्या लेखात कोणी पाइपाची तरफदारी शोधू नये. आम्ही स्वतः कधी तंबाखू ओढली नाही, आणि हा पाइपही पुन्हा कधी पेटणार नाही. परंतु जी वस्तू टाकवत नाही, ती निदान जवळ ठेवता येईल अशी तरी करावी, एवढ्याच हेतूने तो स्वच्छ करण्याचे काम आम्ही अंगावर घेतले. ह्या कामातील आमचे ज्ञान तेव्हा शून्य होते, हेही आरंभीच सांगून टाकतो.

हा पाइप मुळात आमच्या आजोबांचा. ते बेळगावच्या कँपात लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. १९४७ साली एक गोरा साहेब विलायतेस परत जाताना आपली काही चीजवस्तू नोकरमाणसांत वाटून गेला. आजोबांच्या वाट्यास हा पाइप आला. साहेबाने दिलेला सुवासिक तंबाखूचा डबा संपल्यावर आजोबा त्यात निपाणीची तंबाखू भरू लागले. निपाणी ही आमच्या जिल्ह्यातील विडीच्या तंबाखूची नामांकित पेठ. ती जहाल तंबाखू काही पाइपासाठी पिकवलेली नव्हे. पण आजोबांनी त्याची पर्वा केली नाही. त्यांच्यामागे पाइप बाबांकडे आला. शेतातील कामे आटोपून, रात्रीचे जेवण झाले की बाबा ओट्यावर बसून तो ओढीत. आम्ही मुले समोरच्या पायरीवर कंदिलाच्या उजेडात अभ्यास करीत असू, आणि आई त्यांच्या शेजारी तांदूळ निवडीत बसलेली असे.

काम हाती घेण्यापूर्वी वस्तू कशाची आहे हे समजून घ्यावे, म्हणून आम्ही थोडी चौकशी केली. असल्या पाइपाचे दोन भाग असतात. तंबाखू भरण्याची वाटी व तिची नळी लाकडाची, आणि तोंडात धरावयाचे टोक काळ्या, कठीण रबराचे. लाकूड ब्रायर नावाच्या झुडपाचे. भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या ह्या झुडपाच्या मुळाशी एक मोठी गाठ धरते. ती खणून काढतात, तिचे तुकडे कित्येक तास पाण्यात उकळतात, आणि मग ते महिनोन्‌महिने वाळत ठेवतात. ह्या लाकडाची वीण इतकी घट्ट की पोटात विस्तव घेऊनही ते सहसा जळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्सच्या जुरा पर्वतातील सेंट-क्लोद हे गाव ह्या पाइपांसाठी प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी तेथील कातारी संत क्लोदच्या यात्रेस येणाऱ्या भाविकांसाठी लाकडी जपमाळा करीत असत. माळेचे मणी कातणारे हात पुढे पाइप कातू लागले. रबराची हकीकत निराळी. रबरात गंधक मिसळून तापवले की ते टिकाऊ बनते. ह्या क्रियेचे अमेरिकन पेटंट चार्ल्स गुडइयर ह्यांनी १८४४ साली घेतले. गंधकाचे प्रमाण वाढवले की रबर लाकडासारखे कठीण होते. त्यास व्हल्कनाइट म्हणतात. उजेड आणि हवा लागून ह्या रबरातील गंधक कालांतराने पृष्ठावर येते, काळा रंग जाऊन हिरवट-तपकिरी कळा चढते, आणि घाण वास सुटतो. म्हणजे आईला नकोसा झालेला वास सर्वस्वी तंबाखूचा नव्हता.

पहिली चूक पहिल्याच पावलास झाली. टोक नळीत घट्ट बसले होते, आणि आम्ही ते जोराने पिळू लागलो. रंगकामाबरोबर दारांची डागडुजी करण्यास आलेले वयस्क सुतारमिस्त्री हे पाहत होते. ते धावत आले. "फादर, जोर नका लावू," ते म्हणाले. "लाकूड काय, रबर काय, दोन्ही तुमच्याहून म्हातारी आहेत." त्यांच्या सांगण्यावरून आम्ही थांबलो. नंतर एका जाणकाराकडून समजले की, पाइप अर्धा तास रेफ्रिजरेटरमध्ये ठेवावा. थंडीने रबर किंचित आकसते. तसे केल्यावर टोक हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवताच निघून आले.

वाटीच्या आत जळक्या तंबाखूचा कोळशासारखा थर साचलेला होता. पाइप ओढणारे हा थर रुपयाच्या नाण्याच्या जाडीइतका मुद्दाम राखतात, कारण तो लाकडाचे विस्तवापासून रक्षण करतो. तो फार वाढला, तर मात्र तापल्यावर फुगून वाटीस चीर पाडतो. आमच्या पाइपात करंगळीही शिरेना. आम्ही चाकूने खरवडू लागलो आणि आतल्या लाकडावर एक ओरखडा काढून बसलो. मिस्त्रींनी चाकू काढून घेतला व एका गोल काठीस पॉलिशपेपर गुंडाळून दिला. त्याने थर हळूहळू, सर्व बाजूंनी सारखा उतरला.

नळी साफ करण्यासाठी केसाळ तारा लागतात. त्यांचे नावच पाइप क्लीनर. बेळगावच्या एका स्टेशनरीच्या दुकानात त्या रंगीबेरंगी मिळाल्या. शाळेतील मुले त्यांची फुले करतात. त्यांना हे नाव कशावरून पडले हे दुकानदारास ठाऊक नव्हते. आम्ही खिशातील पाइप दाखवला, तेव्हा त्याला मोठी मौज वाटली. स्पिरिटात भिजवलेली पहिली तार नळीतून बाहेर आली ती काकवीसारखी चिकट व काळी. दुसरी तशीच, दहावीही तशीच. विसाव्या तारेनंतर रंग फिका पडू लागला. मग वाटीत कापूस भरून, त्यावर स्पिरिट ओतून पाइप रात्रभर ठेवला. काही लोक कापसाऐवजी मीठ भरतात. परंतु ते नळीत उतरून लाकडास तडा जाण्याचे भय असते. स्पिरिट भडकणारे, म्हणून हे सारे चुलीपासून दूर, खिडक्या उघड्या ठेवून केले. सकाळी कापूस कोऱ्या चहासारखा तांबूस झालेला दिसला. ओळीने तीन रात्री आम्ही कापूस बदलला.

त्या तीन रात्री आमच्या खोलीत बाबांचा वास भरून राहिला होता. ट्रंकेतील कुबट दर्प सरल्यावर खाली निपाणीच्या तंबाखूचा मूळ वास शिल्लक होता. तो स्पिरिटाबरोबर वर आला. सुटीच्या अखेरीस आम्हांस सेमिनरीच्या गाडीत बसवून देताना बाबांच्या सदऱ्यास हाच वास येत असे. चौथ्या दिवशी कापूस पांढराच निघाला आणि वाटीस नुसत्या लाकडाचा वास येऊ लागला. काम साधले होते, आणि तरी आम्हांस क्षणभर वाईट वाटले.

राहिले रबराचे टोक. त्यावर आम्ही पाणी लावून वॉटर पेपर फिरवू लागलो. प्रथम ४०० नंबरचा, मग ६००, १००० व शेवटी २०००. पिवळट पाणी निथळू लागले आणि खालून काळे रबर दिसू लागले. टोकावर दातांच्या खुणा होत्या. काही खोल, डावीकडे कललेल्या. काही अगदी उथळ, उजवीकडे कललेल्या. उथळ खुणा पहिल्याच कागदाखाली नाहीशा झाल्या. खोल खुणा तशाच राहिल्या. त्या घालवण्याचाही उपाय आहे. व्हल्कनाइट तापले की पूर्वीचा आकार धरू पाहते. टोक उकळत्या पाण्यात थोडा वेळ धरले की दातांचे खळगे पुष्कळसे वर येतात. आम्ही पाणी उकळत ठेवले. पण पायरीवरून पाहिलेले बाबा डोळ्यांपुढे आले. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात पाइप धरून ते आमचे पाढे ऐकत. ह्या खुणा त्यांच्याच, असे मनाशी ठरवून आम्ही चूल विझवली आणि त्या राखल्या.

शेवटी लाकूड ओलसर फडक्याने पुसून, कोरडे करून, त्यावर मधमाश्यांचे मेण चोळले. खानापूरच्या रानातून मध आणणाऱ्या एका गृहस्थाने ते दिले होते. मेण चढताच ब्रायरची वीण निखाऱ्यासारखी उमलून आली. एवढे सुंदर लाकूड त्या काजळीखाली होते, हे आम्हांस लहानपणी कधी दिसले नव्हते.

पाइप आम्ही आईच्या हातात दिला. तिने आधी तो हुंगला. "गेला," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा सैल झाला. तिला आता नीटसे दिसत नाही. ती अंगठ्याने चाचपू लागली. टोकापाशी अंगठा थांबला.

"हे कसं राहिलं?"

"मुद्दाम ठेवलंय, आई. बाबांचे दात आहेत ते."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ह्यांचे नव्हेत रे. हे मामंजींचे. ते डावीकडे धरायचे, करकचून. ह्यांच्या डावीकडच्या दाढा तिशीतच काढल्या होत्या. हे उजवीकडे धरायचे. फार दाबायचेही नाहीत. इथे बघ, उजव्या अंगाला…" तिचा अंगठा त्या बाजूवर फिरला. तेथे आता गुळगुळीत रबर होते.

आम्ही काय केले होते ते आमच्या ध्यानात आले. लहानपणी आम्ही बाबांना नेहमी समोरून पाहिले. समोरच्या माणसाची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. आई त्यांच्या शेजारी बसत असे. ती त्याच घरात होती, चार दिवस आमच्या मागेपुढे वावरत होती. आम्ही जाणकारास विचारले, मिस्त्रींस विचारले, परंतु तिला एका शब्दाने विचारले नाही. आम्ही तिची क्षमा मागितली.

"असू दे," ती म्हणाली. "तुला काय ठाऊक? मामंजींनीच तर दिला होता ह्यांना. बापाचे दात तरी राहिले." आणि पाइपाचे टोक पुन्हा पुन्हा चाचपीत, बाबा ओट्यावर कसे बसत, कोणत्या हाताने तंबाखू दाबत, हे ती सांगू लागली. बाबा गेल्यापासून ती त्यांच्याविषयी इतके कधी बोलली नव्हती.

पाइप आता ट्रंकेत नाही. आईने तो कपाटात, बाबांच्या छायाचित्रापाशी ठेवला आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी असे एखादे जुने घड्याळ, कोयता वा पेटी असेल, तर ती अवश्य उजळावी. स्पिरिट, मेण व कागद दुकानात मिळतात. मात्र कागद लावण्यापूर्वी, त्या वस्तूच्या धन्याच्या शेजारी जे बसले असतील, त्यांच्या हाती ती एकदा द्यावी. आम्ही तसे केले असते तर आईच्या अंगठ्यास दोन्ही खुणा लागल्या असत्या.