नऊ गुंठ्यांची चौकट

मुळशीतल्या रिह्याच्या खोऱ्यात, डोंगराच्या उतारावर ती आहे. सातबाऱ्यावर मात्र नाही. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ यानाने ११ दिवस पृथ्वीभोवती फिरून जगातली बहुतेक जमीन रडारने मोजली. त्या मोजणीतून उंचीचा जो नकाशा झाला, त्यातली ती एक चौकट; तिचा जन्म तेव्हाचा.

तिला एकच गोष्ट येते: समुद्रसपाटीपासूनची स्वतःची उंची, तीही पूर्ण मीटरांत. भातखाचराचा बांध तिच्या गणतीत नाही. झाडी दाट असली की झाडोऱ्यालाच ती बऱ्याचदा जमीन धरते. आठ शेजारणींशी मात्र तिचा व्यवहार चोख. अंगावर पडलेलं पाणी, जिच्याकडे उतार सगळ्यात जास्त तिच्या हवाली करायचं. ही रीत १९८४ साली ओकॅलॅहन आणि मार्क या दोघांनी मांडली. अशा हजारो चौकटी पाणी पुढे देत गेल्या की संगणकाच्या पडद्यावर ओघळ उमटतात, ओघळांचा ओढा होतो आणि तो मुळा नदीची वाट धरतो. नदी कुठे आहे हे कुणीच सांगितलेलं नसतं! मला याचा दर वेळी अचंबा वाटतो.

उंचीवरून उतार निघतो. त्यावर खडक, माती, झाडी, पाऊस यांचे थर ठेवले की दरड कुठे सुटू शकेल याचा अंदाज बांधता येतो. ३० जुलै २०१४ रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. त्या डोंगराचा उतारही अशाच चौकटींच्या उंचीत दडलेला होता. पण नुसता उतार पुरत नाही; किती पाऊस पडला हे गावातलं पर्जन्यमापकच सांगणार.

आणि तिचं वय. २००० नंतर मुळशीत डोंगर कापून प्लॉट पडले, ओढ्यांवर भराव आले. तिच्या लेखी पाणी अजून जुन्याच वाटेने जातं. म्हणून तिला शिळी म्हणतात. मला ती साक्षीदार वाटते. नव्या मोजणीतून तिची उंची वजा केली की कुठे डोंगर गेला, कुठे ओढा बुजला ते दिसतं. तिच्या मापात काही मीटरांची चूक असू शकते, त्यामुळे लहानसा भराव निसटेल. आख्खी टेकडी निसटणार नाही. बांधकाम परवानगीच्या प्रत्येक अर्जाला तिचा ओढ्यांचा नकाशा जोडलेला मला पाहायचा आहे.