नियम किती दिवसांचा?

सानपाड्यात जूनमध्ये सूर्य सव्वासातनंतर मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या घरात हा फरक किती जड जातो, ते क्लासला जाणाऱ्या मुलांच्या आयांनाच माहीत. लेकीचा क्लास साडेपाच ते सात. पाचवीतला मुलगा तर सहाला खेळायला उतरतो.

तरी "रात्री कधीच खायचं नाही" असं मी मुलांना सांगत नाही. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात यम आणि नियम असा भेद आहे. जन्मभरासाठी धरला तो यम, ठरावीक काळापुरता तो नियम. मुलांना यम कशाला? लेकीनं चातुर्मासाचा नियम घेतला, मुलानं दशलक्षण पर्वाचे दहा दिवस. तारखा त्यांनीच फ्रिजवर लिहिल्या. पाच वाजता पोळीभाजी तयार ठेवणं हे माझं काम. डबा वेळेवर द्यायचा नाही आणि नियम मात्र पाळायला लावायचा, हा कुठला न्याय?

मोडला तर? एक दिवस वाढवायचा, हे आधीच ठरलेलं. पाचव्या दिवशी चिरंजीवांनी वाढदिवसाला रात्री आठला ढोकळा खाल्ला. घरी येऊन स्वतःच सांगितलं, फ्रिजवर अकरावा दिवस लिहिला. मी ओरडले नाही. ओरडले असते तर पुढच्या वेळी त्यानं सांगितलंच नसतं.

दिवाळीनंतर यजमानांच्या आत्या राहायला आल्या होत्या. मुलानं अमक्या मित्राकडे जेवायचं नाही, असं त्यांनी बजावलं. कारण हळू आवाजात मला सांगितलं. ते जातीचं होतं. मुलानं सरळ विचारलं, "आजी, हा नियम किती दिवसांचा?"

वाशीच्या कॉलेजवरचं कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव तो नेहमी वाचतो. म्हणून त्या दोघांना त्यांचीच गोष्ट सांगितली. १८८७ साली कुंभोजला जैन घरात जन्म. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत असताना ते दलित मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले. परत आल्यावर अंघोळ करूनच आत यायचं, असा हुकूम झाला. त्यांनी अंघोळ केली नाही, बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे १९२४ साली साताऱ्यात त्यांनी स्वतः बोर्डिंग काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. नियम तिथेही होतेच, आपली कामं आपण करायची हा त्यातला एक.

आत्यांना पटलं की नाही, कळलं नाही. "तुमचं तुम्ही बघा," एवढंच म्हणाल्या. मी बघितलं. कांदा-बटाटा नको, हे मुलानं मित्राच्या आईला आधीच सांगून ठेवलं आणि रविवारी दुपारी तो तिकडे जेवायला गेला.