नऊ किलो

बारीक माणूस निरोगी आणि जाड माणूस आळशी, असं मी उघड कधी बोलले नाही. पण पंगतीत समोरचीच्या ताटाकडे बघताना मनात तेच चालायचं. पन्नाशीनंतर साखर काठावर आली, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं आणि मी इरेला पेटले. रात्रीचं जेवण बंद. संकष्टी होतीच, जोडीला गुरुवार आणि एकादशी. (उपवासाला साबुदाणा, म्हणजे निव्वळ पिष्ट, प्रथिनं काय ती दाण्याच्या कुटात. हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.) सकाळी लालबागेत चालायचं आणि घरी येऊन काट्यावर उभं राहायचं. नऊ किलो उतरले.

जिममध्ये मात्र पाऊल टाकायचं नाही. मी कोल्हापूरची, गंगावेस तालमीजवळ वाढलेली. तालमीच्या दाराशी रेंगाळलेली मुलगी मी कधी पाहिली नाही. ताकद पुरुषांची, बायकांनी आपलं सुटसुटीत असावं. एवढं त्या गल्लीतून बरोबर घेऊन मी बंगळुरूला आले आणि तीसेक वर्षं इमानाने जपलं.

मल्लेश्वरमला एका मराठी घरी सत्यनारायण होता. 'किती बारीक झालीस गं!' जी ती म्हणत होती आणि मी सुखावत होते. पंगत खाली सतरंजीवर होती. जेवण झाल्यावर उठायला गेले, तर उठता येईना. मांडी मोडली, एक गुडघा टेकला, डावा हात जमिनीला रेटला, तरी अंग वर येईना. गुडघा दुखत नव्हता, चक्कर नव्हती. मांड्यांत जोरच नव्हता. उजवा हात खरकटा, म्हणून तो टेकायचीही पंचाईत. मी पदर सावरल्याचं नाटक करून पुन्हा खाली बसले. शेजारी एक वहिनी होत्या, चांगल्या थोराड. त्यांनी दुसऱ्यांदा घेतलेल्या प्रसादाच्या शिऱ्याकडे मी नुकतंच बघितलं होतं. त्या कुठेही हात न टेकता उठल्या, चारपाच ताटांची चवड आत ठेवून आल्या आणि माझ्या दंडाला धरून मला उभं केलं. "अगं, दंडात काही राहिलंच नाही की तुझ्या," एवढंच म्हणाल्या. टोमणा असता तर बरं झालं असतं, परतवता आला असता.

घरी येईपर्यंत मला राग आला तो वहिनींचाच. इतकी मी कोती.

मग वाचायला लागले. नुसतं खाणं तोडून उतरवलेल्या वजनात ढोबळमानाने पाव हिस्सा चरबीचा नसतोच, आणि त्यात स्नायू येतात. म्हणजे नऊमधले दोनएक किलो मी मिरवत होते ते असे. त्यात जेवणानंतर रक्तातली साखर खेचून घेणारं मोठं कोठार म्हणजे स्नायूच. साखरेसाठी वजन उतरवायला निघालेली बाई ते कोठारच पाडत होती.

पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. शेजारी ब्रिटिश मित्र डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांची धाव, त्यांच्याच विनोदी कबुलीप्रमाणे, हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत पोचण्यापुरती. तो फोटो मी बराच वेळ बघत राहिले. उंचीच्या मानाने वजन बघितलं तर हे दोघे सारखेच दिसले असते, आणि मी तर त्या काट्याला सोडून दुसरं काही विचारलंच नव्हतं.

जयनगरच्या जिममध्ये पहिले काही दिवस खुर्चीवरून हात न लावता उठायचं आणि बसायचं. बस्स. माझ्या मुलाहून लहान ट्रेनर "इन्नोंदु, आंटी" म्हणत राहायचा, अजून एक, अजून एक. मग हातात डंबेल आले, मग जमिनीवरून बार उचलणं. पहिल्यांदा वीस किलोचा नुसता बार गुडघ्यांच्या वर आला तेव्हा मी इकडेतिकडे बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं, याचं वाईट वाटलं. खाण्यात हैदराबादच्या पोषण संस्थेचा हिशोब धरला: किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं, ही निरोगी माणसासाठीची शिफारस. माझ्या वजनाला पन्नासेक ग्रॅम. दोन इडल्या आणि सांबारावर ते भागत नाही. अंडी आली, दही वाढलं, डाळ पातळ करणं थांबलं.

वजन मधल्या काळात किलोभर वाढलं. साडीला निरी मात्र एक जास्त येते. तरी काटा पुढे सरकला की सकाळ खराब जाते, ती खोड गेलेली नाही.

परवा वहिनींचा फोन आला. मी वजन कसं उतरवलं, ते त्यांना लिहून हवंय. उपवासांचा जुना तक्ता देणार नाही हे नक्की. पण का देत नाही ते सांगायचं तर त्या शिऱ्याकडे मी कशी बघत होते तेही सांगावं लागेल, आणि तेवढं धैर्य अजून झालेलं नाही.