तेहतीसाचं वाण

आई चातुर्मासात शिवलीलामृत वाचायची. आषाढी एकादशीला पोथीचा रुमाल सोडायचा, कार्तिकीला बांधायचा आणि मधले चार महिने रोज स्वयंपाकाला लागण्याआधी ठरलेल्या ओव्या. सोमवारी मात्र अकरावा अध्याय अख्खा. किती वाचून झालं, हे तिनं कधी मोजलं नाही. 'आज वाचायचं राहिलं' एवढंच तिला टोचायचं.

हे मला आठवलं ते पन्नाशी जवळ आल्यावर. ऑफिसातल्या मुलींनी एका जानेवारीत रीडिंग चॅलेंज घेतलं, वर्षाला बावन्न पुस्तकं. मीही नाव दिलं. सप्टेंबरपर्यंत छान चाललं. मग पुस्तक हातात घेतलं की मी आधी शेवटच्या पानाचा आकडा बघायला लागले. आमच्या डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररी पुस्तकांचं आदानप्रदान भरवते. आपली वाचलेली पुस्तकं द्यायची, दुसऱ्यांची घेऊन यायची. माझ्या आवडीचा उपक्रम. तिथे त्या वर्षी मी 'स्मृतिचित्रे' उचललं आणि जाड आहे म्हणून पुन्हा खाली ठेवलं. घरी येईपर्यंत मन खात राहिलं. लक्ष्मीबाईंचं पुस्तक मी जाडी बघून परत ठेवलं होतं! त्या रात्री यादी बंद केली आणि ठरवलं, आता आईसारखा नेम धरायचा.

नेमाला विषय लागतो, मुदत लागते, शेवटी उद्यापन लागतं. आकड्याचं काही काम नसतं.

पहिला नेम रोजच्या वाटेचा होता. मी नोकरीला ठाण्यात. म्हटलं, कल्याणपासून ठाण्यापर्यंतच्या प्रत्येक स्टेशनासाठी त्या गावाशी नातं असलेलं एकेक पुस्तक वाचायचं. कल्याणचं लगेच ठरलं. लग्नानंतर अक्षरं गिरवलेल्या काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये लिहिलेलं डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र. ते वाचताना मी वहीत तीन सालं एकाखाली एक लिहिली. १८५४ च्या १ मे रोजी आगगाडी कल्याणला पोचली, १८६४ मध्ये गावात सार्वजनिक वाचनालय निघालं आणि १८६५ मध्ये आनंदीबाई जन्मल्या. रूळ, ग्रंथ आणि ती मुलगी, सगळं अकरा वर्षांत. त्या वाचनालयाची पायरी चढताना हे तिन्ही आकडे आजही माझ्या डोळ्यांपुढे येतात.

डोंबिवलीसाठी निवड करणंच अवघड. शं. ना. नवरे इथले, पु. भा. भावे इथले. २०१७ चं साहित्य संमेलन इथे भरलं तेव्हा संमेलननगरीला भाव्यांचंच नाव होतं. मी दोघांचंही एकेक घेतलं. ठाण्याला मात्र दुसरं नाव सुचलंच नाही. वि. ल. भावे. या माणसानं ऐन विशीत, १८९३ मध्ये, ठाण्यात खास मराठी पुस्तकांसाठी मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं आणि पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' हा आपल्या जुन्या वाङ्मयाचा इतिहास लिहिला. तो ग्रंथ मला अख्खा पावसाळा पुरला. काही पानं तीन तीनदा वाचली. नेम नसता तर पन्नासाव्या पानाच्या पुढे मी गेले नसते, आणि एवढा मोठा माणूस मी रोज उतरते त्याच गावात राहून गेला, हे मला केवळ संग्रहालयाच्या पाटीवरून माहीत राहिलं असतं.

ठाकुर्ली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा. या पाच नावांपुढे वहीत कोरी जागा राहिली. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

दुसरा नेम दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'चा. १९५६ चं पुस्तक, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्यागणिक एक लेख. कॉलेजात असताना मी ते दोन दिवसांत संपवलं होतं आणि 'किती सुंदर' एवढंच मनात उरलं होतं. आता ठरवलं की ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचायचा, पुन्हा पुन्हा वाचायचा, पण पुढचं पान उलटायचं नाही. २२ मार्च २०२३ चा गुढीपाडवा मुहूर्त धरला.

नव्या नेमाला पुस्तकात ठेवायची नवी खूण करायची, हा माझा शिरस्ता. आईची पाचवारी सुती पातळं मी ठेवून दिली आहेत. त्यांचे काठ मधल्या कापडापेक्षा टिकतात. दोन बोटं रुंदीची, वीतभर लांबीची पट्टी कापायची. ती सुलट बाजू आत ठेवून लांबीत दुमडायची, कडेनं बारीक धावदोरा घालायचा आणि पेन्सिलीच्या बोथट टोकानं ढकलत ढकलत उलटवायची. हे उलटवणं घाईचं काम नाही. कापड जुनं असतं, जोर लावला की उसवतं. मग आत पोस्टकार्डाची अरुंद पट्टी सरकवायची म्हणजे खूण ताठ राहते. टोक शिवताना तिथेच दोऱ्याचा छोटा गोंडा. हे सगळं मी गाडीत करते. आमच्या डब्यात कुणी मटार सोलत असते, कुणाची क्रोशाची सुई चालू असते, खिडकीशी एक जण गजानन विजय वाचत असते. त्यात माझ्या सुईदोऱ्याकडे कुणी वळूनही बघत नाही. 'ऋतुचक्रा'ची खूण हिरव्या काठाची केली. आईच्या हातांना लागणाऱ्या हळदीचा एक डाग त्या काठावर आहे. तो मुद्दाम वरच्या बाजूला घेतला.

चैत्र-वैशाख सरळ गेले. लेख वाचून गाडीत बसलं की खिडकीबाहेर झाडं दिसायला लागली. ती आधीही तिथेच होती. ऑफिसच्या वाटेवरच्या एका झाडाला जांभळी फुलं येतात हे मी वीस वर्षं बघत होते. तो ताम्हण आहे, आपल्या राज्याचं फूल, हे त्या वैशाखात शेजारच्या पानवाल्याला विचारून कळलं. त्यालाही ठाऊक होतं.

आषाढ संपला आणि १८ जुलैला गाडी अडली. त्या वर्षी श्रावण अधिक होता. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकराएक दिवसांचा फरक साठत जातो आणि तो भरून काढायला पंचांग अधूनमधून एक जादा महिना घेतं. व्रतवैकल्यं सगळी पुढच्या निज श्रावणात. म्हणजे दुर्गाबाईंचा श्रावणही निज श्रावणातच वाचायचा. आणि आजपासून १६ ऑगस्टपर्यंत? पुस्तकात बारा लेख, माझ्या वर्षात तेरा महिने. दोन दिवस मी पुस्तक पिशवीत घेऊन नुसती जा-ये केली. हात सारखे शिवशिवत होते.

अधिक म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे, देवापुढे तेहतीस काही ना काही ठेवायचं. आई तर एका अधिकात तेहतीस वाती वळून देवळात देऊन आली होती. तिसऱ्या दिवशी दिव्याला गाडी थांबली असताना ते वळणं डोळ्यांपुढे आलं, कापूस, दूध लावलेली बोटं, मांडीवरचं ताट. मी वही उघडली. ठाकुर्ली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा. पाच कोऱ्या जागा. ठरवलं, महिनाभरात तेहतीस नोंदी लिहायच्या, त्याही या पाच जागांच्याच. प्रत्येक नोंद स्वतः पाहिलेली आणि चार ओळींच्या आत.

आयुष्यात मी पत्रं आणि ऑफिसच्या टिपणांपलीकडे काही लिहिलेलं नव्हतं. पहिल्या नोंदीत 'हिरवागार निसर्ग' असं लिहिलं आणि मलाच लाज वाटली. काय पाहिलं होतं मी? ती खोडली. दुसऱ्या दिवशी कोपरला दारात उभी राहिले. कोपरला दोन मजली स्टेशन आहे, वरून वसई-दिवा मार्ग जातो. लिहिलं: 'वरच्या फलाटाचं पाणी खालच्या फलाटावर एकाच ठिकाणी ठिबकतं. तिथली फरशी गुळगुळीत झाली आहे. लोक न बघता त्या फरशीला वळसा घालतात.' हे लिहून झाल्यावर काहीतरी हाताला लागल्यासारखं वाटलं.

कळव्याला रुळांलगतच्या वाफ्यांत अळू. 'गाडी जाताना पानांवरचे थेंब आधी थरथरतात, मग पानं.' मुंब्र्याच्या डोंगरावर पाण्याच्या पांढऱ्या धारा मी रोज मोजायचे. सात, सात, नऊ, मग दोन दिवस उघडीप पडल्यावर दोन. दिव्याला फलाटाबाहेर कंटोळ्यांचे वाटे लावलेली म्हातारी. तिनं मोठ्या पानावर लहान पान ठेवून भाव वेगळे केले होते. ठाकुर्लीच्या एका कठड्याच्या भेगेत पिंपळाचं रोप, कोवळी पानं तांबूस. आठवड्यानं ती हिरवी झाली, तेव्हा त्यावर वेगळी नोंद झाली. एकदा दारातून पाऊस आत आला आणि चार नोंदींची शाई पसरून अक्षरं गेली. त्या मी पाठ म्हणून बघितल्या. दोन जशाच्या तशा आठवल्या, दोन नाही. आठवल्या नाहीत त्या पुन्हा लिहिल्या नाहीत, त्यांच्या जागी नवं काही शोधलं. तेव्हापासून वहीत पेन्सिल.

दिवस तीस आणि नोंदी तेहतीस, त्यामुळे शेवटी शेवटी एकेका दिवसात दोन दोन लिहाव्या लागल्या. तेहतिसावी १६ ऑगस्टला संध्याकाळी परतताना मुंब्रा-कळव्याच्या मध्ये लिहिली. ओहोटी होती. तिवरांच्या खोडांवर भरतीच्या चिखलाची रेघ एका पातळीत दिसत होती, दूरपर्यंत, पट्टीनं आखावी तशी.

दुसऱ्या दिवशी निज श्रावण लागला. सकाळची गाडी पकडली, खूण सरकवली आणि दुर्गाबाईंचा श्रावण उघडला. महिनाभर थांबून उघडला होता. पहिल्याच परिच्छेदाला मी थांबले आणि तो पुन्हा वाचला. या बाई किती कमी शब्दांत किती बघतात! एवढी साधी गोष्ट मला कॉलेजात कळली नव्हती, कारण तोवर एक पानसुद्धा मी स्वतः बघून लिहिलेलं नव्हतं. ठाणं कधी आलं ते शेजारणीनं हलवलं तेव्हा कळलं.

फाल्गुन संपला. २०२४ च्या पाडव्याला उद्यापन म्हणून 'ऋतुचक्रा'ची नवी प्रत आणली, तिच्यासाठी त्याच हिरव्या काठाच्या उरलेल्या तुकड्याची खूण शिवली आणि डब्यातल्या गजानन विजय वाचणाऱ्या मैत्रिणीला दिली. तिनं विचारलं, "रोज किती पानं वाचायची?" मी म्हटलं, "महिन्याला एकच लेख. पुढचं पान उलटायचं नाही."

पुढचा अधिक महिना ज्येष्ठाचा, २०२६ च्या मे महिन्यात लागेल. वहीत त्यासाठी तेहतीस ओळी आखून ठेवल्या आहेत. हळदीच्या डागाची खूण आता त्या पानात आहे.