३५३ वर पाच

“हारायचंच होतं तं सकाळीच हारायचं होतं नं!”

मुर्री गावातल्या एका पानठेल्यावर एक पोरगा एवढं बोलला, मोबाइल खिशात कोंबला आणि सायकलवर टांग टाकून गेला. १४ मार्च २०२४, गुरुवारची दुपार. ते वाक्य अजून मनातून जात नाही.

वानखेडेवर रणजीचा अंतिम सामना. मुंबईनं विदर्भापुढे ५३८ धावांचं डोंगराएवढं लक्ष्य ठेवलेलं. चौथ्या दिवसअखेर विदर्भ ५ बाद २४८. त्या रात्री गावात कोणी आशा धरली नव्हती, म्हणून कोणी चिडलेलंही नव्हतं. पण पाचव्या दिवशी सकाळी अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे खेळायला आले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत बादच झाले नाहीत. ५ बाद ३३३. पानठेल्यासमोर गाड्या थांबायला लागल्या. मुंबईच्या गोलंदाजांचे खांदे पडलेत असं कोणी म्हणालं, आणि ते सगळ्यांना खरं वाटलं. मग ३५३ वर वाडकर तनुष कोटियनच्या चेंडूवर पायचीत. शतक झालेलं, १०२. त्यानंतर विदर्भानं जोडल्या फक्त १५ धावा. शेवटचे पाच गडी त्यातच गेले. ३६८, संपलं. १६९ धावांनी हार.

दुबे तेव्हा एकवीस वर्षांचा. याच सामन्यात त्यानं मुंबईच्या दुसऱ्या डावात पाच बळी घेतले होते, मग या डावात ६५ धावा. तुषार देशपांडेला मारायला गेला आणि झेल देऊन बसला. रागाचा पहिला धनी तोच. “काहून मारला तो फटका?” एवढंच जो तो विचारत होता. मला हा राग अन्यायाचा वाटतो. ज्यानं दिवसभरासाठी आपल्याला उभं केलं, त्यालाच आपण संध्याकाळी जाब विचारतो. बाकी जे सहा-सात धावांवर परतले, त्यांची नावंसुद्धा कोणी घेतली नाहीत.

माझे मामा मुर्रीचे. गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये त्यांनी मुनिमी केली. वर्तमानपत्र आलं की आधी धानाचे भाव, मग मागच्या बाजूला बारीक टायपात छापलेले रणजीचे आकडे. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. मामांनी त्यातली कितीतरी वर्षं वाचून काढली: राजस्थानकडून हरलो, उत्तर प्रदेशकडून हरलो, रेल्वेकडून हरलो. वाचायचे, पान उलटायचे, आणि तांदळाच्या बारदान्याचा हिशेब धरायचे. चिडलेलं मी त्यांना तेव्हा कधी पाहिलं नाही. मामी म्हणायची, यांना कशाचं काही वाटतच नाही. तसं नव्हतं. ज्या घरात कधी काही आलंच नाही, तिथं हरवलं म्हणून कोण रडणार?

मग इंदूर. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबाणीनं दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली, आणि १ जानेवारी २०१८ ला कर्णधार फैझ फझलच्या हाती करंडक आला. मामा मिलमधून पायी घरी आले. वाटेत जो भेटेल त्याला सांगत आले. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून पुन्हा तेच. तिथून मामा बदलले. निवृत्तीनंतर त्यांचा दिवस धावफलकावरच सुरू व्हायचा. एखाद्या पोराचा झेल सुटला की पाटावरून उठून अंगणात जायचे, तुळशीपाशी उभे राहायचे, परत यायचे. “पोट्टे लाडावले,” म्हणायचे. त्यांचं चिडणं मला आवडायला लागलं. साठ वर्षांनी त्यांच्या हक्काचं काहीतरी झालं होतं.

त्यांची मुलगी बालाघाटला दिलेली. गोंदियाहून रेल्वेनं काही फार दूर नाही. नदी तीच वैनगंगा, शेतात धान तेच, घराघरांत पोवारी बोली तीच. राज्य तेवढं वेगळं. आणि वानखेडेच्या सामन्याआधी, त्याच मोसमात उपांत्य फेरीत समोर आलं मध्य प्रदेशच. नागपूरला त्यांना ३२१ धावा करायच्या होत्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी ६ बाद २२८, आणखी ९३ हव्यात. जावईबापूंचा फोन आला, आवाजात उत्साह मावेना. मामा नुसते “हो, हो” म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी, ६ मार्चला, उरलेले चार गडी तीस धावांत गेले. २५८. मामांनी लगेच फोन लावला. “जावईबापू, तुमच्या पोट्ट्यायनं घाई केली जी!” किती हसले त्या दिवशी!

आठच दिवसांनी वानखेडेवर आपले पाच गडी पंधरा धावांत गेले. मामा फोनकडे बघत बसले. तो वाजला संध्याकाळी, दिवेलागणीला. जावईबापूंनी क्रिकेटचं नावसुद्धा काढलं नाही. उन्हाळी धानाला पाणी पुरतंय का, मामींचे गुडघे कसे आहेत, एवढंच विचारलं. फोन ठेवल्यावर मामांना जो राग आला, तो मी पुन्हा पाहिला नाही. जावई दोन शब्द टोचून बोलला असता तर त्यांना सोसलं असतं. त्याची ती सभ्यता सोसेना.

मला पाच दिवसांचा सामनाच आवडतो तो यासाठी. वीस षटकांच्या खेळात तुम्ही हरता आणि जेवायला बसता. इथं आशेला वाढायला रात्री मिळतात.

पुढचा मोसम मी धास्तीनंच पाहिला. विजय हजारे स्पर्धेत करुण नायर बादच होत नव्हता, संघ एकही सामना न हरता अंतिम फेरीत गेला, आणि १८ जानेवारी २०२५ ला वडोदऱ्यात कर्नाटककडून ३६ धावांनी हरला. कर्नाटकच्या ३४८ धावांचा पाठलाग करताना ध्रुव शोरेनं शतक काढलं, दुबेनं ३० चेंडूंत ६३ केल्या, तरी हरलाच. “शेवटीच कसे ढेपाळतात हे?” मामांचा प्रश्न. यावर उत्तर देण्यापेक्षा मी चहा ठेवायला उठलो.

मग नागपूरजवळच्या जामठ्याला केरळविरुद्ध रणजीचा अंतिम सामना. दानिश मालेवार, वय एकवीस, १५३ धावा. दुबेचे त्या मोसमात ६९ बळी झाले; रणजीच्या एका मोसमात इतके आजवर कोणी घेतले नव्हते. सचिन बेबी ९८ वर बाद झाला, केरळ ३४२ वर आटोपला आणि ३७ धावांची आघाडी आपल्याला पुरली. २ मार्चला सामना अनिर्णित सुटला आणि करंडक विदर्भाकडे आला.

पण मामांच्या डोक्यात दुसराच माणूस होता. केरळकडून ७९ धावा काढल्या त्या आदित्य सरवटेनं. आदल्या वर्षी वानखेडेवर शेवटच्या पाचांत जो आपला गडी होता, तोच आता समोरून खेळत होता. त्याच्या चौकाराला मामांचे हात टाळीसाठी उचलले जायचे आणि मध्येच थांबायचे. तो बाद झाला तेव्हा घरातली पोरं ओरडली. मामा ओरडले नाहीत. “त्यानं हे मागच्या वर्षी केलं असतं तं,” म्हणाले, आणि आवाज मोठा करायला लावला.