गाडीच्या मागे आपला नंबर

एमएच २८ ही आमची पासिंग. म्हणजे बुलढाणा जिल्हा. आमच्याकडच्या गाड्यांच्या मागच्या काचा एकदा बघाच. गजानन महाराज तर हवेतच, शेगाव आमच्याच जिल्ह्यात ना! त्याखाली पोरांची नावं, आणि जागा उरलीच तर धंदा. कृषी सेवा केंद्र, मंडप-डेकोरेशन, बोअरवेल, ट्रॅक्टर गॅरेज. उलट हिंजवडीत आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये शेकड्यांनी गाड्या असतात, पण मालक काय करतो ते एकीवरही लिहिलेलं नसतं. लिहिणार तरी काय? 'जावा, डेटाबेस, प्रॉडक्शन सपोर्ट, चोवीस तास सेवा'?

तर मुद्दा असा की माझ्या दादाचं चिखलीत ठिबक-तुषारचं दुकान आहे. दोन दिवाळ्यांमागे त्यानं एक सेकंडहँड हॅचबॅक घेतली. घरची गाडी. आई-बाबांना दवाखान्यात न्यायला, वहिनीला माहेरी जायला. आठवडा झाला नाही तोच त्याचा फोन, "तू इंजिनिअर हायेस ना? मंग मले एक स्टिकर डिझाइन करून दे." आमच्याकडे इंजिनिअर म्हणजे प्रिंटर दुरुस्तीपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं येणारा माणूस. असो.

त्यानं पाठवलेल्या मजकुरात दुकानाचं नाव, पत्ता, अकरा प्रॉडक्ट, दोन मोबाईल नंबर आणि 'एक वेळ अवश्य भेट द्या' एवढं सगळं होतं. मी त्याला गणित सांगितलं. ताशी ८० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. मागचा माणूस समोरचा रस्ता बघणार की तुझ्या फिल्टरचे प्रकार वाचणार? यावर दादा म्हणाला, "अबे, गाडी चालते किती अन् उभी राहते किती?" आता बोला! खरंच आहे की. घरची गाडी दिवसातले बहुतेक तास उभीच असते. बाजार समितीसमोर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवाबाहेर. तिथे लोकांना वाचायला वेळच वेळ असतो. तरी मी अकरा प्रॉडक्टची 'ठिबक आणि तुषार' अशी एक ओळ केली आणि नंबर मोठा केला.

मग नियम बघितले. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. म्हणजे काचभर स्टिकर बाद. नंबर प्लेटवर नंबराखेरीज काही नको. गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो, त्यामुळे अख्खी गाडीच गुंडाळायची असेल तर आधी आरटीओत विचारलेलं बरं. जाहिरातीचंही तिथेच विचारून घ्यावं. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. खासगी गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत भाड्यानं वापर बसत नाही आणि मालवाहतूकही बसत नाही. नमुने आणि वैयक्तिक सामान चालतं. म्हणजे दादा शेतकऱ्याला दाखवायला नळीचा तुकडा नेऊ शकतो, पण डिकीत नळीची बंडलं भरून निघाला तर अपघातानंतर क्लेमचा घोळ होणार. बंडलांसाठी टेम्पो.

एवढं सगळं करून स्टिकर मागच्या दोन दारांवर लागला. फोनही यायला लागले. पण खरी भानगड मला वहिनीनं सांगितली. "भाऊजी, नंबर दुकानाचा, पन उचलते कोन? मीच ना." दादा शेतात असला की तो मोबाईल घरी राहायचा. वहिनी भाजी घ्यायला गाडी घेऊन गेली तरी कुणीतरी काचेवर टकटक करून विचारायचं, "माल केव्हा येते?" शेगावला दर्शनाला गेले तर तिथे, "आज दुकान बंद काय?" अमेरिकेत मेरी के नावाची सौंदर्यप्रसाधनांची कंपनी आहे. तिनं १९६९ मध्ये सर्वांत जास्त विक्री करणाऱ्या बायकांना गुलाबी कॅडिलॅक दिल्या. नाव लिहायची गरजच नाही, रंग पुरे. मला नेहमी वाटतं, त्या बायका दूध आणायलाही त्याच गाडीतून जात असतील. मग त्यांची सुट्टी नेमकी कधी सुरू व्हायची?

गेल्या पावसाळ्यात बाबांची संभाजीनगरला अँजिओप्लास्टी झाली. गाडी तीन दिवस दवाखान्याच्या आवारात उभी. दुसऱ्या दिवशी त्याच नंबरवर एका शेतकऱ्याचा फोन आला. तो देऊळगाव राजाकडचा, स्वतःच्या पेशंटसाठी तिथे आलेला. "दुकानाची गाडी दिसली. घरचं कोनी हाय काय अंदर?" दादाची त्याची ओळख एका व्हॉल्व्हपुरती. पण संध्याकाळी तो आईसाठी डबा घेऊन आला आणि रात्री दादाला झोपायला पाठवून स्वतः बाकावर बसला. बातमी चिखलीतही पोचली, आणि तिसऱ्या दिवशी एका होलसेलरनं त्याच नंबरवर फोन करून विचारलं, "मागच्या बाकीचं काय करता?"

डबाही त्या स्टिकरमुळेच आला आणि तगादाही. एक ठेवून दुसरं सोडता येत नाही.

मी दादाला चुंबकाची शीट सुचवली. पत्र्याच्या दाराला लावायची, घरच्या कामाला निघताना काढून ठेवायची. तो म्हणाला, "काहाडता येते असं नाव कायले लावाव?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझा कोड प्रॉडक्शनला फुटला तर ग्राहकाला माझं नाव कधी कळत नाही, तो तिकीट टाकतो आणि नंबरानं उत्तर मिळतं. दादाचा व्हॉल्व्ह गळला तर शेतकरी भर रस्त्यात गाडी अडवतो.

पण वहिनीचा मुद्दा नावाचा नव्हताच, तिच्या वेळेचा होता. म्हणून नवीन सिम घेतलं. तो फोन दादाच्याच खिशात राहतो आणि रात्री नऊला बंद होतो. दारांवरचे जुने नंबर हेअर ड्रायरनं गरम करून आम्ही दोघांनीच काढले आणि नवे लावले. वहिनी उभी राहून एकेक आकडा तपासत होती.

तुम्हालाही कधी घरून असा डिझाइनचा फोन आला तर फॉन्ट नंतर ठरवा. आधी विचारा, तो नंबर घरात कोण उचलणार आहे?